तळव्याला कळलेला आवाज

स्वतःबद्दल बोलायची मला सवय नाही. दुसऱ्याचं हळू बोलणं मोठं करून सांगायचं, हा माझा जन्माचा धंदा. तरी आज बोलतोय. मी एक ॲम्प्लिफायर आहे. घरी बनवलेला, नाव नसलेला, कुठल्याही दुकानाच्या काचेत कधी न बसलेला. पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाटाच्या पायथ्याला एक वाडी आहे. तिथल्या एका घराच्या पडवीत मी असतो. भिंतीला पाठ लावून मला ठेवत नाहीत. माझी पाठ तापते, तिला वारा लागतो.

मी एका दिवसात जन्मलो नाही. थोडा थोडा जन्मलो. माझं वजनदार काळीज, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, एका भिजून बंद पडलेल्या इन्व्हर्टरमधलं. ते वैशाखाच्या उन्हात अंगणात आठ दिवस वाळत पडलं होतं, शेजारी आमसुलं वाळत होती. अजून मी तापलो की मला आंबूस वास आठवतो. माझी पत्र्याची पेटी एका गंजक्या स्टॅबिलायझरची. आणि माझे चार मोठे ट्रान्झिस्टर, ज्यांच्या जोरावर मी बोलतो, ते धातूचे, चपट्या टोपीसारखे. स्क्रू लावायला दोन्ही बाजूंना भोकं, म्हणजे जणू टोचलेले कान. चौघांतले दोघे ओढतात, दोघे ढकलतात, आणि त्या ओढाताणीतून आवाज होतो.

यातले तिघे महाडच्या अब्बासचाचांच्या बिस्किटाच्या डब्यात पडून होते. बाजारात चाचांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. एकवीस सालच्या पुरात सावित्रीचं पाणी दुकानाच्या छताला टेकलं. हे तिघे तेव्हा मांडववाल्याच्या एका लाऊडस्पीकरच्या पेटीत होते. दीड दिवस ते पाण्याखाली निजले. मला चालू केलं की पहिल्यांदा एक खोल घूं असा आवाज येतो. मला वाटतं ती त्यांची पाण्याखालची झोप आहे, अजून पुरती न उडालेली.

मला जोडलं तेजश्रीनं. ती महाडची. आयटीआय करून लग्नाआधी दोन वर्षं अब्बासचाचांच्या दुकानात काम करत होती. पूर आला, दुकान गेलं, चाचांनी पुन्हा शटर उघडलं नाही. पुढच्याच वर्षी तेजश्रीचं लग्न झालं आणि ती या वाडीत आली. नवरा प्रवीण महाडच्या एमआयडीसीत पाळीवर जातो. घरात सासू बनुबाई आणि सासरे हैबती. त्यांना सगळे आबा म्हणतात.

आबा म्हणजे जाखडीचे गाणारे. गौरी-गणपतीत अंगणात नाच उभा राहिला की मधे बसून ढोलकीवर हात टाकायचे आणि गळा मोकळा सोडायचे. पोटासाठी मात्र खडीच्या खाणीत. पंचवीस वर्षं कानाशी सुरुंग आणि क्रशर. तेजश्री घरात येण्याच्या दोन वर्षं आधी त्यांचे दोन्ही कान पुरते गेले. डॉक्टर म्हणाले, नस सुकली, मशीन लावून उपयोग नाही.

ऐकू येईना तसं त्यांनी गाणं सोडलं, मग बोलणंही सोडलं. दिवसभर पडवीत बसून घाटाकडे बघायचे. धुकं चढताना, धुकं उतरताना. घाटातल्या ट्रकांचे दिवे त्यात विरघळत जायचे. बनुबाई खुणेनं जेवायला बोलवायच्या. तेजश्री चहा पुढे ठेवून हात हलवायची. चार वर्षं झाली, सुनेनं सासऱ्याला बोलून असं काही सांगितलंच नव्हतं.

एकदा अंगणात प्रवीणनं सिमेंटची गोणी टाकली. पाठमोरे बसलेले आबा चटकन वळले. तेजश्रीनं ते पाहिलं; दणका त्यांना जमिनीतून कळला होता. त्याच आठवड्यात ती महाडला गेली आणि बिस्किटाचा डबा घेऊन आली.

पण पहिल्या दिवशी मी बोललोच नाही. तेजश्रीनं घाईत मला सरळ भिंतीतल्या विजेला जोडलं. माझ्या आत काहीतरी कडक वाजलं आणि धूर निघाला.

"काय जळतंय गो?" बनुबाई चुलीपुढून ओरडल्या.

"काही नाही आई."

"काय नाय कसं? घर भरलं धुरानं!"

दुसऱ्या दिवशी जुन्या लुगड्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन तेजश्री मला एसटीनं महाडला घेऊन गेली. अब्बासचाचा घरीच होते. त्यांनी मला लांबूनच पाहिलं.

"मी सोडलंय हे काम, बेटी. तुला माहीत आहे."

"उघडून तर बघा, चाचा. मी काय चुकले ते सांगा. दुरुस्त मीच करेन."

चाचांनी चष्मा चढवला. माझी पेटी उघडली. नुसतं बघायचं ठरवलेल्या माणसाचा हात आपोआप स्क्रूड्रायव्हरकडे गेला, हे मी पाहिलं. त्यांनी एक ट्रान्झिस्टर सोडवला. त्याच्याखाली अभ्रकाची पातळ चकती असते, विजेला पत्र्यापासून वेगळं ठेवणारी. ती फाटली होती.

"हे बघ. भोक पाडलंस, पण कड घासली नाहीस. कडेनं अभ्रक कापलं. आणि सिरीजचा दिवा न लावता सरळ वीज दिलीस?"

तेजश्रीनं फाटकी चकती बोटावर घेतली.

"हा गेला," चाचा म्हणाले. "आणि असा दुसरा आता मिळायचा नाही. बाजारात येतात ते नकली. टोपी तीच, आत काही नाही."

तेव्हा आतल्या दारातून कमरजहाँचाची बोलल्या, "कपाटावरच्या सेटमध्ये आहे की."

चाचांनी वर कपाटाकडे पाहिलं. तो सेट त्यांनी लग्नाच्या वर्षी चाचींसाठी बनवला होता. दुकानात नव्हता म्हणून पुरातून वाचला होता.

"तो कसा काढू? तो तुझा आहे."

"माझा आहे म्हणूनच सांगते, काढा. पुरापासून तुम्ही त्याला हात लावला नाही. मी फक्त धूळ पुसते."

तो माझा चौथा. तिघे नदीत निजलेले आणि हा घरातला, कोरडा, चाचींची स्वयंपाक करतानाची गाणी ऐकून मोठा झालेला. चाचांनी त्याला नवी चकती दिली, उष्णता ओढून घेणारी पांढरी पेस्ट लावली आणि माझ्या वाटेत एक शंभर वॅटचा दिवा जोडला. वीज आधी त्या दिव्यातून येणार होती. आत काही बिघाड असला तर दिवा भगभगीत पेटतो, नसला तर पेटून मंद होतो.

बटण दाबलं. दिवा क्षणभर उजळला. मग तो हळूहळू लालसर होत विझत आला, सूर्य डोंगराआड जातो तसा. आणि मी पहिल्यांदा घूं म्हणालो. चाचांनी डोळे मिटले होते. किती तरी वेळ ते ती नुसती घूं ऐकत होते.

घरी आल्यावर तेजश्रीनं एका लाकडी खोक्यात बारा इंची जुना स्पीकर बसवला आणि वर फणसाची जाड फळी ठोकली. बसायला बाकडंच झालं. श्रावणातली दुपार होती, बाहेर पाऊस धरून होता. तिनं आबांना हाताला धरून फळीवर बसवलं आणि मोबाईलमधली वाडीच्या नाचाची ढोलकी माझ्यात सोडली.

फळी थरथरली. आबा ताडकन उठले.

"भायेर व्हा!" सहा वर्षांत एवढा मोठा आवाज त्यांनी काढला नव्हता. "डोंगर आला! भायेर व्हा सगळी!"

त्यांनी बनुबाईंना दंडाला धरून ओढत पावसात नेलं. शेजारचे धावले. कुणी पोरं उचलली, कुणी म्हशीचं दावं सोडलं. अख्खी वाडी देवळापाशी भिजत उभी राहिली आणि डोंगर होता तिथेच होता, ढगात मान घालून. पावसात पायाखाली जमीन हलली तर दरड सुटली समजायचं, हे खाणीत आणि या घाटात जन्म काढलेल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. तेजश्रीला ते सुचलं नव्हतं. मलाही नाही.

संध्याकाळी प्रवीण पाळीवरून आला. "हसतायत लोक," तो म्हणाला. "आबांना येडं ठरवलंय तू. हे आजच्या आज भंगारात जायला पायजे."

"मी त्यांना आधी सांगायला हवं होतं."

"सांगनार कसं? ऐकू येतंय का त्यांना?"

तेजश्रीनं माझ्यावर गोणपाट टाकलं. त्या अंधारात मी बरेच दिवस होतो. पाऊस कौलांवर चालत जाताना ऐकत होतो. आतले तिघे पुन्हा पाण्याखाली गेल्यासारखे निजले होते. चौथा बहुधा चाचींच्या घरी परत गेला होता, स्वप्नात.

गोणपाट काढलं ते आबांनीच. एका सकाळी ते माझ्यासमोर उकिडवे बसले. मला आणि खोक्याला बराच वेळ न्याहाळलं. मग स्वयंपाकघराकडे वळून हाक दिली, "पोरी. लाव."

तेजश्री हात पुसत आली. या वेळी तिनं घाई केली नाही. आधी त्यांच्या गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला. धा, धिं, धिं, धा. आबांनी मान हलवली. मग त्यांचा उजवा तळवा उचलून तिनं फळीवर ठेवला आणि तोच ठेका मला दिला, अगदी हळू. गुडघ्यावर तो, तळव्याखाली तो.

आबा हलले नाहीत. त्यांचा हात जाड, खडीनं घासलेला, पण मला त्याचं वजन कळत नव्हतं, इतका तो हलका झाला होता. मी जपून ठेका देत राहिलो. चार फेरे झाले तसे ते म्हणाले, "चुकतोय."

तेजश्रीनं मान वर केली.

"ढोलकीवाला चुकतोय. तिसऱ्या फेराला हात उचलतोय मेला. कोन हाय?"

दारात उभ्या बनुबाईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की काय ते मला कळलं नाही. "तुमचाच पुतन्या हाय," त्या म्हणाल्या, आणि आबांना ऐकू येत नाही हे आठवून बोटानं शेजारच्या घराकडे दाखवलं.

त्या वर्षी गौरी आल्या त्या दुपारी अंगणात नाच उभा राहिला. आबा फळीवर बसले, अनवाणी पाय खोक्याला टेकवून. पुतण्याच्या ढोलकीपुढे माईक होता. ठेका माझ्यातून फळीत, फळीतून त्यांच्या हाडांत. पहिलं कडवं त्यांनी घोगऱ्या आवाजात उचललं, सूर थोडा सरकला, पण ताल मात्र एकदाही सुटला नाही. पोरं घुंगरू वाजवत फेर धरत होती आणि प्रवीण खांबाला टेकून उभा होता. गाणं संपल्यावर तो माझ्यामागे आला. माझी पाठ तापली होती. त्यानं कोपऱ्यातला पंखा उचलला आणि माझ्याकडे वळवून ठेवला.

मग भातं कापून झाली. एका दुपारी घरात दोघंच होती. तेजश्रीनं मला चालू केलं तर आबा म्हणाले, "गाना नको. तू बोल."

तिनं माईक हातात घेतला. आबांनी फळीची कड सोडून तळवा थेट स्पीकरच्या कागदी पडद्यावर ठेवला.

"काय बोलू?" ती म्हणाली.

आबांनी डोळे बारीक केले. "काय म्हनलीस ते नाय कळलं. पन आवाज कळला." मग म्हणाले, "जाड हाय गो तुझा आवाज. मना वाटायचं, बारीक असंल."

ती हसली. तेही मी त्यांच्या तळव्यापर्यंत पोचवलं.

तेव्हापासून रोज जेवणं झाली की ती माईकवर दोन गोष्टी बोलते. शब्द त्यांना कळत नाहीत. ओठ बघून एखादं नाव कळतं, बाकी ते नुसता हात ठेवून असतात.

मार्गशीर्षातली गोष्ट. पोलादपूरच्या स्टँडजवळ एक गाळा रिकामा झाला होता, तेजश्रीला तिथे दुरुस्तीचं दुकान घालायचं होतं. सकाळी प्रवीणनं "बघू पुढच्या वर्षी" म्हणून विषय मिटवला होता. ती कामाला लागली. भाकऱ्या केल्या, भांडी घासली, बनुबाईंशी नेहमीसारखं बोलली. कुणाला काही वेगळं दिसलं नाही. दुपारी तिनं माईक घेतला आणि म्हशीनं आज दूध किती दिलं ते सांगू लागली.

आबांनी हात उचलला नाही. दुसऱ्या हातानं तिला थांबवलं.

"आज आवाज कापतोय तुझा. कोन काय बोललं?"

ती रडली. बनुबाई धावत आल्या, त्यांना सगळं कळलं, आणि त्यांनी ते खुणांनी आबांनाही सांगितलं. संध्याकाळी प्रवीण आला तेव्हा आबांनी त्याला समोर बसवलं आणि एवढंच म्हणाले, "हिनं मना गाना परत दिलाय. हिला गाळा दे."

आता आठवड्यातले चार दिवस ती पोलादपूरला जाते. संध्याकाळी उशीर झाला तर आबा मला चालू करून, स्पीकरवर हात ठेवून नुसती घूं अनुभवत बसतात. पुढे घाट निळा होत जातो. ट्रक घाटाखालच्या नव्या बोगद्यातून जायला लागल्यापासून वरची वाट रिकामीच असते.

मी म्हातारा होतोय. माझी पेस्ट वाळली, बटण खरखरतं, चौघांतला एक लवकर तापतो. एक दिवस तो जाईल आणि त्याच्या जागी घालायला खरा मिळणार नाही, हे तेजश्रीला आणि मला दोघांनाही माहीत आहे. त्याचं दुःख मला फारसं नाही. तुमच्या माळ्यावर एखादी बंद पेटी असेल तर मात्र भंगारवाल्याला हाक मारण्याआधी ती एकदा उघडून बघा. आत कान टोचलेला कुणी निजलेला असेल, तर त्याला पोलादपूरच्या स्टँडजवळ पोचवा. दुकानाला पाटी नाही. बाईमाणूस सोल्डर मारताना दिसेल, तेच.

बरं, फाटक वाजलं. ती आली. आबांनी हात ठेवलाय. आता माझं बोलणं पुरे, तिला बोलू द्या.