मार्तंडचा संच

आमच्या घरात पुस्तकांनी माणसांना कधीच हुसकून लावलंय. मरोळच्या गावठाणातलं हे घर. पुढची खोली सासऱ्यांच्या वेळी पाहुण्यांची होती. आता तिथे इसिडोरची पुस्तकं ऐसपैस बसतात आणि पाहुणे माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर. भांडून भांडून मी थकले आणि शेवटी कपाटं पुसायला लागले.

माझा नवरा जुनी, दुर्मीळ मराठी पुस्तकं विकतो. म्हणजे विकायचा. गिऱ्हाईक ओळखीचं असायचं. घरी यायचं, चहा प्यायचं, पुस्तकाचा वास घ्यायचं आणि तासभर गप्पा मारून एखादं घेऊन जायचं. मग ती माणसं म्हातारी झाली, काही गेली, आणि त्यांची मुलं सगळं फोनवर शोधायला लागली. आमची शर्लिन अंधेरीतच एका ऑफिसात आहे. तिने बापाचं दुकान फोनवरच्या एका मोठ्या बाजारात थाटून दिलं. रविवारी चर्चमधून, मिस्साहून आलो की बापलेक अंगणात पुस्तकांचे फोटो काढत बसायचे आणि माझं मटण थंड व्हायचं.

मुलुंडचा मार्तंड हा जुन्या गिऱ्हाइकांतला सगळ्यात हट्टी. कधीच बंद पडलेल्या एका मासिकाचे दिवाळी अंक त्याने उभ्या आयुष्यात जमवले, अगदी पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. एका अंकासाठी तो पार साताऱ्याला जाऊन आला होता. अंक हाती आला की मुखपृष्ठाच्या खालच्या कोपऱ्यात आपल्या नावाचा जांभळा शिक्का मारायचा. त्यावरून इसिडोर दर वेळी त्याच्याशी भांडायचा. शिक्का आतल्या पानावर मारतात, चित्रावर मारला तर अंकाची किंमत जाते, असं सांगायचा. मार्तंड हसून म्हणायचा, मी कुठे विकणार आहे?

दोन वर्षांपूर्वी तो गेला. शेवटी शेवटी हॉस्पिटलात त्याने इसिडोरचा हात धरला आणि म्हणाला, "संच मोडू नकोस. कुणाच्याही घरी जाऊ दे, पण एकाच घरी." इसिडोरने शब्द दिला. मी तिथेच उभी होते.

पुढे त्यांची बिल्डिंग पाडायला घेतली आणि पद्मजावहिनी, मार्तंडची बायको, मुलगा-सुनेबरोबर भांडुपला भाड्याच्या छोट्या घरात गेल्या. तिथे अंकांची पेटी ठेवायला जागा नव्हती. पेटी आली आमच्याकडे, पुढच्या खोलीत, माझ्या खिडकीखाली. वहिनींनी तिच्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या की भावजी आहेत म्हणजे मला काळजी नाही.

शर्लिनने अख्खा संच बाजारात टाकला. वाट बघत पावसाळा गेला, उन्हाळा गेला. कुणी विचारलंसुद्धा नाही. ती बापाला समजावून सांगायची की या बाजारात जे विकलं जातं तेच वर दिसतं आणि जे वर दिसतं तेच विकलं जातं. संच एकदाही विकला गेला नव्हता, म्हणून तो खाली. तो खाली, म्हणून कुणाला दिसत नाही. मी एकदा चष्मा लावून स्वतः शोधून पाहिलं. जुने दिवाळी अंक म्हटल्यावर आधी नवे अंक आले, मग झेरॉक्स काढून बांधलेले, मग चक्क पणत्या, कंदील आणि रांगोळीचे छाप. बोट दुखेपर्यंत खाली गेले, मार्तंडचा संच काही दिसला नाही. माणसाने आयुष्य घालवून जमवलेली वस्तू रांगोळीच्या छापांच्याही मागे उभी, हे बघून माझं डोकं फिरलं.

त्यात आमची पुढची भिंत ओल धरते. इसिडोर पेटी उघडून अंक वाऱ्यावर ठेवायचा, कसर लागली नाही ना ते बघायचा, डांबराच्या गोळ्या बदलायचा. वहिनींचा फोन आला की आवाज बारीक करून सांगायचा, चाललंय, बघतोय.

शर्लिन म्हणायची, एकेक अंक टाक. सुटे अंक पटापट जातात. ते गेले की दुकान वर येईल आणि दुकानाबरोबर संचही. तो नाहीच म्हणायचा. मग एका सकाळी, गणपतीच्या आसपास, त्याने पेटीतून एक अंक काढला. मुखपृष्ठावर गॅलरीत वाकून आकाशकंदील टांगणारी बाई होती. मी विचारलं, शब्दाचं काय?

"अगं, हा अंक ढिगाने मिळतो," तो म्हणाला. "भांडुपच्या काशीरामकडे रद्दीत कायम पडलेला असतो. हा विकतो, दुसरा आणून जागा भरतो. संच मोडला कुठे?"

हे त्याचं जुनं गणित. वर्षानुवर्षं त्याने असंच केलं होतं. जो अंक भरपूर छापला तो कुठे ना कुठे मिळतोच. मला ते पटलं नाही, पण धंदा त्याचा.

अंक दुपारीच गेला. घेणारं सजावटीच्या वस्तूंचं कुठलंसं दुकान होतं. इसिडोरने स्वतः पुठ्ठा लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठवला. आठवड्यात दुकान वर चढलं, संच चौथ्या पानावर आला. पुढच्या आठवड्यात परत घसरला. मग त्याने दुसरा अंक काढला, तोही ढिगाने मिळणारा. मग तिसरा. तिन्ही त्याच दुकानाने घेतले. इसिडोर खूश होता.

"माणूस जाणकार दिसतो," मला म्हणाला. "चांगली मुखपृष्ठं बरोबर हेरतो बघ."

आणि शर्लिनचं खरं ठरलं. दिवाळीनंतर संच पहिल्या पानावर आला आणि चारच दिवसांत नागपूरहून निरोप आला. एका वाचनालयाचे ग्रंथपाल होते, श्यामकांत नावाचे. संच पूर्ण असेल तर हवाय, म्हणाले. काचेचं कपाट करू, अभ्यासकांना वाचायला देऊ, जमवणाऱ्याचं नाव वर लिहू. इसिडोरने तो निरोप मला दोनदा वाचून दाखवला.

खोटं बोलणं त्याला जमत नाही. त्याने कळवलं, तीन अंक कमी आहेत, भरून देतो. ग्रंथपाल भला माणूस. नाताळपर्यंत थांबतो म्हणाले.

काशीरामकडे इसिडोर त्याच दिवशी गेला. दुकान होतं, काशीराम होता, अंक नव्हते. आता रद्दीतून पुस्तकं वेगळी कोण काढतो, काशीरामनेच उलट विचारलं. येईल ते काट्यावर टाकायचं आणि लगद्याच्या कारखान्याला जाणाऱ्या ट्रकात भरायचं. कुर्ला झालं, घाटकोपर झालं, जुन्या ओळखीच्या प्रत्येक रद्दीवाल्याने तेच सांगितलं. घरोघरी पडलेले अंक लोकांनी घर बदलताना विकून टाकले होते. जे ढिगाने होतं तेच आधी संपलं होतं, कारण ते जपून ठेवावंसं कुणाला वाटलं नव्हतं. सजावटीच्या दुकानाला शर्लिनने त्याच बाजारातून चार वेळा लिहिलं. उत्तर आलं नाही.

नाताळला थोडे दिवस उरले होते. मी नेवऱ्या, म्हणजे आमच्या नाताळच्या करंज्या, भरत होते आणि दारात रिक्षा थांबली. पद्मजावहिनी आणि त्यांचा कॉलेजात जाणारा नातू यज्ञेश. वहिनी दर नाताळला येतात, पण फोन करून. या वेळी फोन नव्हता. हातात जुन्या साडीच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. स्टुलावर न बसता त्या सरळ पुढच्या खोलीत गेल्या, टेबलावर जागा केली आणि कापड सोडलं.

काचेची फ्रेम होती. आत गॅलरीतली बाई आकाशकंदील टांगत होती. शिवणीच्या कडेने पातं फिरवून मुखपृष्ठ कापलं होतं. खालच्या कोपऱ्यात जांभळा शिक्का होता. मार्तंड, मुलुंड.

यज्ञेशनेच सांगितलं. आजीच्या वाढदिवसाला काय द्यावं म्हणून त्याने फोनवर जुने दिवाळी अंक शोधले. आजोबा गेल्यापासून तिला त्यांची आठवण येते म्हणून. सगळ्यात वर त्या सजावटीच्या दुकानाची ही फ्रेम दिसली, आमच्या बाकीच्या दोन मुखपृष्ठांच्याही होत्या. शिक्का त्याने वाचलाच नव्हता, तो आजीने वाचला. बिचारा एवढासा झाला होता, जणू त्यानेच काही केलंय.

मग इसिडोरने सगळं सांगितलं, बाजाराचं, वर येण्याचं, काशीरामचं, नागपूरचं. एकही गोष्ट त्याने स्वतःच्या सोयीची करून सांगितली नाही. मला वाटत होतं त्यांनी ओरडावं, एखादी वस्तू फेकावी. मी फेकली असती.

"अंकाच्या आतलं काय केलं असेल त्यांनी?" त्यांनी विचारलं.

इसिडोरला उत्तर माहीत होतं, मलाही होतं. कापलेला अंक कोण ठेवतो?

"उरलेले मला परत द्या भावजी," वहिनी म्हणाल्या. "जागा नाही, तर मी पलंगावर घेऊन झोपेन. शेवटी रद्दीतच जायचे असतील तर माझ्या हाताने जाऊ देत."

त्याने आणि यज्ञेशने पेटी उचलून रिक्षात ठेवली. मी नेवऱ्यांचा डबा पुढे केला. वहिनींनी घेतला, कारण तेवढी रीत त्या सोडत नाहीत. मी धावत आत जाऊन फ्रेम आणली, तर त्यांनी हात मागे घेतला.

"ती इथेच राहू दे," म्हणाल्या. "संच तुमच्याकडे ठेवायला दिला होता. आता हीच ठेवा."

नागपूरला इसिडोरने त्याच संध्याकाळी नकार कळवला. शर्लिनने बाजारातून संच काढायला घेतला तेव्हा तो पहिल्या पानावर होता, उरलेल्या दोन फ्रेम्सच्या बरोबर खाली. तिने तो पुसला.

फ्रेम मी तोंड भिंतीकडे करून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर इसिडोरने ती सरळ केलेली. आता तो फोनवरचं दुकान उघडत नाही, नुसता त्या शिक्क्याकडे बघत बसतो. मला त्याची दया येते आणि त्याचा रागही येतो. चहा मात्र मी तिथेच नेऊन देते.