आठव्या इनिंगमध्ये बोललेला माणूस

हॅडलॉक विद्यापीठाच्या बेसबॉलला शंभर वर्षं झाली, आणि त्या शंभर वर्षांचा इतिहास लिहायचं काम आमच्या गावाने द्यावं कोणाला, तर लाईल कुचेराला! चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या देण्यातलाच हा प्रकार. पण दुसरं होतं कोण? लाईलने शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, विद्यापीठाच्या रेडिओवर सामन्यांची कॉमेंट्री तोच करायचा, आणि मुख्य म्हणजे फुकट लिहायला तोच एकटा तयार होता.

आता हा इतिहासही काही छाती फुगवावी असा नव्हता. पहिला संघ लॅटिनच्या एका प्राध्यापकाने उभा केला, का, तर पोरांनी संध्याकाळी चोरट्या गुत्त्यात जाऊ नये म्हणून. पोरं मन लावून खेळली, घामाघूम झाली आणि दुप्पट तहान घेऊन गुत्त्यात गेली. त्याच उन्हाळ्यात नेब्रास्कात टोळधाड आली. टोळांनी मैदानाचं गवत खाल्लं, पलीकडचा मका खाल्ला आणि खुंटीला टांगलेले दोन ग्लोव्हही कुरतडले. त्या मोसमात आमच्या मैदानावर कोणी जिंकलं असेल तर ते टोळच, म्हणून संघाचं नावही तेच पडलं. पुढे एका वर्षी बस बंद पडली म्हणून गावच्या दफनवाल्याने आपली शववाहिका दिली. समोरचा संघ टोप्या काढून अदबीने उभा राहिला, आणि मागच्या दारातून आपली पोरं एकेक करून बाहेर पडली. तो सामना आम्ही आरामात जिंकलो. भेदरलेल्या माणसाला बॅट धड धरता येत नाही.

हे सगळं लाईलने झकास लिहून काढलं होतं. अडलं होतं ते एका प्रकरणाशी, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या सामन्याशी. आमच्या गावात एखाद्याला देवाची प्रार्थना येणार नाही, पण हा सामना तोंडपाठ असतो.

त्या दिवशी मर्ल हान्समायर नावाचा एकवीस वर्षांचा पिचर आमच्याकडून बॉल टाकत होता आणि सात इनिंग झाल्या तरी समोरच्या एकाही गड्याला धड फटका मारून पहिला बेस, म्हणजे धावेचा पहिला टप्पा, गाठता आला नव्हता. नऊच्या नऊ इनिंग असंच झालं की त्याला नो-हिटर म्हणतात. हॅडलॉकच्या इतिहासात तो तोवर झाला नव्हता, नंतरही नाही. आता नियम असा, की पिचर त्या वाटेवर असला की त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या शेजारी बसायचं नाही, आणि तो शब्द तर मेलात तरी उच्चारायचा नाही. उच्चारलात की दृष्ट लागली म्हणून समजा. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही, पण जगात पाळला जाणारा तोच एक नियम असावा. आणि आठव्या इनिंगच्या तोंडावर राखीव कॅचर, म्हणजे बॅटवाल्यामागे बसून बॉल झेलणारा, लाईल कुचेरा उठला, मर्लशेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, "मर्ल, गड्या, एकालाही फटका मारू दिला नाहीस रे अजून!"

पुढच्याच बॉलवर फटका बसला.

तेव्हापासून लाईलचं या गावात जे काही झालं ते वैऱ्याचंही होऊ नये. ड्वेन न्हावी त्याचे केस कापताना दरवेळी म्हणायचा, "कान कापू का जीभ?" त्याच्या लग्नात पाद्र्याने "कोणाला काही बोलायचं असेल तर आत्ताच बोला" म्हटलं, तेव्हा अख्खं चर्च वळून नवरदेवाकडे बघायला लागलं. पण हे सगळं लाईल हसून सोडून द्यायचा. सलत होतं ते वेगळंच. मर्ल त्याचा लहानपणापासूनचा जिवलग दोस्त, आणि त्या दिवसापासून मर्ल त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता, स्वतःची बायको वारली तेव्हाही नाही. पुढे मर्ल संघाचा कोच झाला, लाईल कॉमेंट्री करायला लागला. तीस वर्षं लाईल वरच्या खोलीतून मर्लच्या डावपेचांचं कौतुक अख्ख्या जिल्ह्याला ऐकवत होता, आणि किराणाच्या दुकानात लाईल समोरून आला की मर्ल सामानाची ढकलगाडी वळवून कांद्यांच्या ढिगाकडे जायचा.

आणि आता मर्ल निवृत्त होणार होता. शनिवारचा सामना शेवटचा, मग ॲरिझोनात मुलीकडे, कायमचा.

"तो गेला की गेला," लाईल बायकोला म्हणाला. "एकदा बोलला पाहिजे माझ्याशी. शिव्या दिल्या तरी चालतील."

"दगडाला पाझर फुटेल, त्याला नाही फुटायचा," आर्लीन म्हणाली. "तू आपलं प्रकरण लिही आणि मोकळा हो."

"त्याच्याशी बोलल्याशिवाय काय लिहू? माझंच पाप माझ्याच हाताने?"

शनिवारी आयोवाचा संघ आला. आमच्याकडून बॉल टाकायला टकर वोबोरिल, शेतकीचा विद्यार्थी, डावखुरा, उंच आणि मुखदुर्बळ. स्टँडमध्ये नेहमीची पन्नास-साठ डोकी. लाईल वर फळ्यांच्या खोलीत माईकपुढे बसला, शेजारी आर्लीन खसखस भरलेल्या गोड पावांचा, कोलाचेचा, डबा घेऊन.

चौथी इनिंग झाली. फटका नाही. पाचवी झाली. फटका नाही. लाईलच्या अंगावर काटा आला.

आता बोलायचं काय? कॉमेंट्री करणाऱ्याला गप्प बसता येत नाही, आणि खरं सांगायची सोय नाही. "श्रोतेहो," तो म्हणाला, "आयोवाची मंडळी आज... म्हणजे हवा छान आहे. आयोवाची मंडळी त्या हवेचा आस्वाद घेऊन परत बाकावर जाऊन बसतायत. सगळीच्या सगळी."

लगेच फोन वाजला. ड्वेन न्हावी. "लाईल! तोंडाला कुलूप घाल!"

"अरे, मी काही बोललोच नाही."

"बोलणार होतास. आवाजावरून कळतंय."

आर्लीनने तेवढ्यात एक कोलाचे त्याच्या तोंडात कोंबला. तो गिळतो न गिळतो तोच दुसरा. सहाव्या इनिंगचं वर्णन आमच्या जिल्ह्याने खसखशीतून ऐकलं. तरी गावाची खात्री पटेना. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीत तसंच टाकून ड्वेन मैदानावर आला, जिना चढला आणि त्याने माईकची वायरच उपटली.

"माफ कर, लाईल. गावाच्या भल्यासाठी."

रेडिओ मुका झाला, आणि इथेच सगळं मुसळ केरात गेलं. घरोघरी, ट्रॅक्टरवर, बेकरीत, जो तो कान टवकारून उभा. लाईल गप्प? लाईल सामन्याच्या मध्यात गप्प? म्हणजे दोनच गोष्टी असू शकतात: एक तर ते चाललंय, नाहीतर लाईल मेला. दोन्हीही बघण्यासारख्या. सातवी इनिंग संपेतो स्टँडमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. एका बाईंनी तर येताना शोकाचा केकसुद्धा आणला होता.

आणि हजारभर माणसं असूनही मैदानात चिडीचूप. कोणी खोकलं तरी शेजारचा डोळे वटारायचा.

खाली संघाच्या बाकावर टकर येऊन बसला. तो बसला तशी अख्खी ओळ उठून दुसऱ्या टोकाला गेली. तो उठून कॅचरकडे गेला, तर कॅचरला एकदम तहान लागली. तिसऱ्या बेसवाल्याकडे गेला, तर तो बुटाची नाडी बांधायला बसला, आणि बुटाला नाडीच नव्हती. शेवटी तो कोचकडे गेला. मर्लने पाठ फिरवली आणि कुंपण निरखायला लागला. स्टँडमध्ये लोक तोंडावर हात धरून खुदखुदले. नियम म्हणजे नियम.

लाईल मात्र हसला नाही. त्याला वरून दिसत होतं, डावखुरा पोरगा पाण्याचा पेला उजव्या हाताने धरतोय. डावा हात त्याने मांडीवर ठेवला होता, दुसऱ्या कोणाचा सांभाळायला दिल्यासारखा.

"आर्लीन, मी खाली जातोय."

"लाईल कुचेरा, खाली बस!"

"त्या पोराशी कोणीतरी बोललं पाहिजे."

"पुन्हा?" आर्लीन किंचाळली, आणि डब्यात हात घातला, तर कोलाचे संपलेले.

जिन्याच्या दारात ड्वेनने त्याची बाही धरली. "लाईल, हात जोडतो. तुझी जन्मभर फुकट करीन. डोकं, दाढी, सगळं."

"सोड, ड्वेन. इतकी वर्षं शिव्या खाल्ल्या, अजून चार खाईन. पोट भरलेलंच आहे."

तो बाकाशी पोचला तेव्हा अख्ख्या स्टँडने एकदम श्वास आत घेतला. खेळाडू भूत बघितल्यासारखे पांगले. लाईल टकरच्या शेजारी बसला, त्याच जागी, त्याच बाकावर म्हणा ना.

"काय रे, हात दुखतोय?"

पोराचे डोळे भरून आले. "सर, सहाव्या इनिंगपासून. आता तर बोटांत बॉल आहे की नाही तेच कळत नाही. सांगायला जातो, तर सगळे पळतात."

"मग टाकू नकोस."

"असं कसं, सर? अख्खं गाव आलंय."

"गाव माझ्या मयताला आलंय. तू बस."

लाईल उठला आणि कुंपण निरखणाऱ्या पाठीमागे जाऊन उभा राहिला.

"मर्ल, पोराचा हात गेलाय. काढ त्याला."

पाठ हलली नाही.

"माझ्याशी बोलू नकोस. जन्मात बोलू नकोस. पण त्याला काढ, नाहीतर पुन्हा कधी चमचासुद्धा धरता यायचा नाही त्याला."

मग मर्ल कुंपणालाच विचारल्यासारखा म्हणाला, "कितव्यापासून?"

"सहाव्या."

"माझाही सहाव्यातच गेला होता," मर्ल म्हणाला.

लाईलला वाटलं, आपले कान वाजले. "काय म्हणालास?"

मर्ल वळला. तोंड पांढरंफटक. "खांदा, लाईल. त्या दिवशी. आठव्यात मी जो बॉल टाकला, तो आमच्या म्हातारीनेही कुंपणापार धाडला असता. तुझ्या बोलण्याने काडीचा फरक पडला नव्हता."

"आणि हे तू कोणाला सांगितलं नाहीस?"

"मी तोंड उघडायच्या आत सगळे ओरडत होते, लाईलने दृष्ट लावली! एकवीस वर्षांचा होतो रे. खांदा गेला म्हटलं तर मी संपलो, लाईल बोलला म्हटलं तर मी बिचारा. म्हटलं, उद्या सांगू. मग म्हटलं, पुढच्या आठवड्यात. मग तुला तोंड दाखवायचीच लाज वाटायला लागली."

"म्हणजे तू रागावला नव्हतास?"

"कशाला रागावू, लेका? त्या दिवशी मी प्रत्येकाकडे गेलो. सगळे पळाले. माझ्या शेजारी येऊन बसला तो तू एकटा."

लाईलला याच्या एक सणसणीत थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. एवढ्यात पंच ओरडला, "हान्समायर, पिचर पाठवतोस की नाही?" तेव्हा दोन्ही राहून गेलं.

मर्लने टकरच्या हातावर बर्फ ठेवायला सांगितलं आणि दुसरा पिचर धाडला. त्याचा पहिलाच बॉल खणखणीत आवाज करत मैदानाच्या टोकाला गेला. मग हजार नरड्यांतून एकच आरोळी उठली, "ला-ई-ल!" शोकाचा केक आणणाऱ्या बाईंनी तो केक अगदी नेम धरून फेकला. त्या आमच्याकडून बॉल टाकायला हव्या होत्या.

सामना आम्ही जिंकलो, पण कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. संपल्यावर मर्ल लाउडस्पीकरपाशी गेला. हा माणूस तीस वर्षांत कधी चार वाक्यं जाहीर बोलला नव्हता. त्याने माईक धरला आणि सगळं सांगून टाकलं: टकरचा हात, आपला खांदा, आठवी इनिंग, आपला खोटेपणा, आपली लाज. "लाईल कुचेराने या संघाचं कधीही वाईट केलं नाही. केलं असेल तर मी त्याचं केलं."

मग ड्वेन न्हावी डोळे पुसत उठून उभा राहिला.

"काय मन आहे बघा कोचचं!" तो हुंदका देत म्हणाला. "जाता जाता त्या लाईलचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतलं!"

सगळं स्टँड उठलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अरे, खरं सांगतोय मी!" मर्ल ओरडला.

टाळ्या दुप्पट झाल्या. बायका रडायला लागल्या. पाद्री म्हणाला, उद्याच्या प्रवचनाला विषय मिळाला. लाईल बाकावर बसून इतका हसला की आर्लीन घाबरून पाणी घेऊन धावली.

लोक पांगल्यावर मर्ल माईक टाकून त्याच्यापाशी आला. "यांना झालंय काय? कोणी ऐकूनच घेत नाही!"

"इतिहास आहे तो," लाईल गालावरचा केक पुसत म्हणाला. "तीस वर्षं शिकवलाय मी. असाच असतो."

"तू पुस्तकात खरं लिही."

"लिहीन. गाव म्हणेल, लाईलने कोचच्या चांगुलपणाचा फायदा घेतला."

"मग आता?"

"आता काही नाही. तू बोल."

"काय बोलू?"

"काहीही बोल. मला कुठे घाई आहे?"

मर्ल त्याच्या शेजारी टेकला. टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. बोलायची सवयच मोडली होती बिचाऱ्याची. मग त्याने घसा खाकरला आणि बायकोच्या शेवटच्या आजारपणापासून सुरुवात केली.