कोळशाखाली गेलेलं कडवं

मी एक जुना फळा आहे, आणि मित्रांनो, माझ्याइतकं चिडलेलं लाकूड तुम्ही पाहिलं नसेल. राणीसावरगावाजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेसाठी मुंजाजी सुतारानं मला सागाच्या फळ्या जोडून घडवलं. तेव्हा वाटलं होतं, आपल्यावर काहीतरी कायमचं लिहिलं जाईल. नशिबी आली ती बेरीज, वजाबाकी आणि ओलं फडकं.

सूर्यभान गुरुजी बदलून आले आणि माझे दिवस पालटले. ते कवी होते. कागद पुढे घेतला की त्यांचा हात अडायचा. खडू घेऊन उभं राहिलं की ओळी यायच्या. शाळा सुटली की माझ्यावर लिहायचे, खोडायचे आणि मनासारखं झालं की कागदावर उतरवून घ्यायचे. गंगाखेडच्या कविसंमेलनात त्यांना ऐकायला लोक खेड्यापाड्यांतून एसटीनं जायचे. ते कानावर आलं की मला केवढा ताठा चढायचा!

चौऱ्याहत्तर सालच्या एका रविवारी त्यांनी संमेलनासाठी आपल्या आईवर, सरजाबाईवर, कविता लिहिली. दुष्काळात तिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. पहिल्या तीन कडव्यांत ती खडीच फोडत होती. चौथ्यात काम सुटल्यावर ती लिंबाखाली पाय लांब करून बसली आणि तिला कुणी ऊठ म्हटलं नाही. हे कडवं गुरुजींनी कितीदा तरी खोडलं. मनासारखं जमलं तोवर अंधारून आलं होतं. तीन कडवी उतरवून झाली होती. चौथं सकाळी उतरवू म्हणून ते घरी गेले.

सोमवारी शाळा तपासायला साहेब येणार होते. पोरं गुरुजींच्या आधीच आली. त्यांनी कोळसा कुटला, पाल्याचा रस काढला आणि मला असं घासलं की विचारू नका. ओरडावंसं वाटत होतं, पण फळ्याला तोंड कुठलं?

"गुरुजी, सायेब यायलेत म्हून आमी फळा काळा केला," पोरं म्हणाली.

गुरुजी दारातच थांबले. "लय चांगलं केलं," एवढंच म्हणाले. मला त्यांचाही राग आला. एकदा तरी रागवायचं होतं.

नंतर ते रोज माझ्यापुढे उभे राहत. लिंब आठवे, लांब केलेले पाय आठवत, शब्द मात्र येत नसत. नवं लिहून पाहिलं, स्वतःच पुसलं. संमेलनाच्या आदल्या दिवशी सरजाबाई भाकरी घेऊन शाळेत आली, तेव्हा त्यांनी तिला तीन कडवी वाचून दाखवली. तिनं मन लावून ऐकली. मग विचारलं, "मंग मी बसले कवा रं?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर मला ठाऊक होतं, शब्दन्‌शब्द ठाऊक होतं.

आता गुरुजी बदलून गेलेत, आणि मी भेगाळून अडगळीत उभा आहे. मित्रांनो, फडकं उचलण्याआधी फळ्यावर काय लिहिलंय ते एकदा वाचत जा. संमेलनात गुरुजींनी म्हटलेली ती तीन कडवी वस्तीवर अजून म्हणतात, आणि त्यांत सरजाबाई अजून खडी फोडते आहे. ती बसली होती, हे माझ्यावर लिहिलेलं आहे आणि मला सांगता येत नाही.