वर गेलेला हात

"हाऊ हात आते वर जात नही, बेटा," सुकदेव आबा म्हणाले. सुलक्षणाने वडिलांच्या सदऱ्याची उजवी बाही आधी चढवली, मग डावी.

"डॉक्टरले दाखाडू."

"कसाले? एक डाव गया व्हता वर. तितलंच पुरं."

ते हसले. ती खाली मान घालून गुंड्या लावत राहिली. तिची धुळ्याची बस पाचची होती.

त्या एका डावाला सत्तावीस वर्षं झाली होती. गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढे शिरपूर, आणि मुलींना तिकडे कोणी धाडत नसे. आठवीच्या खोल्यांसाठी घरपट्टी वाढवायची, असा ठराव ग्रामसभेपुढे आला. मान्य असेल त्यांनी हात वर करा, म्हटल्यावर कोणी हलेना. मग मागून, दाराजवळून एकच हात वर गेला. ग्रामपंचायतीचं पाणी सोडणारे सुकदेव व्हॉल्व्ह उघडून तसेच आले होते. हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेला.

"पत्र्यानं घर, तेले कसानी पट्टी?" सरपंच म्हणाले. सभा हसली. हात खाली आला नाही.

खिडकीबाहेर मुली दाटीने उभ्या होत्या. मामाकडे पाहुणी आलेल्या एकीने विचारलं, "तो कोना बाप शे?"

"माले काय माहीत," सातवीतली सुलक्षणा म्हणाली.

आबांनी नेमकं तेव्हाच खिडकीकडे पाहिलं. ऐकलं की नाही, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. नंतर बायकांत बसलेल्या बेबाबाईंचा हात वर गेला, मग आणखी काहींचे. ठराव कसाबसा पार पडला. पाणी यायला उशीर झाला की लोक पुढे कितीतरी वर्षं आबांना ऐकवत, "तू पट्टी वाढाडी, आते पानी वाढाड."

सुलक्षणा त्याच खोलीत आठवी शिकली. धुळ्यात नर्स झाली.

त्या पाचच्या बसने ती धुळ्याला गेली, त्याच्या दुसऱ्या सकाळी आबा उठले नाहीत.

दहावं झाल्यावर ती शाळेत गेली. मधली सुट्टी होती. आठवीच्या खोलीच्या ओट्यावर बेबाबाई खिचडीचे तांदूळ निवडत होत्या. नजर गेल्यापासून डोळ्यांचं काम बोटंच करत. पावलं ऐकून त्यांनी मान वर केली.

"कोन शे व? कोनी पोर शे तू?"

खेळणारी पोरं थांबून बघू लागली. सुलक्षणाने पायरीवर चपला काढल्या.

"सुकदेव पानीवाला," ती म्हणाली. मग आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तो माना बाप शे, अक्का."