पोटाचा सख्खा शेजारी

मित्रांनो, दारामागच्या खुंटीवर काळा, चिरा पडलेला पट्टा लोंबतोय ना, तो मी. वय झालंय, पण बकल अजून ठणठणीत आहे आणि तोंडही. पोटाचा मी सख्खा शेजारी. तेव्हा पोटाच्या गोष्टी माझ्याइतक्या कुणालाच ठाऊक नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. जाड कातडं कापून, कडा घासून, मेण लावून मला चमकवलं. दुकानातून मला उचललं ते शाळेच्या बसच्या ड्रायव्हरनं. मधल्या भोकात मी ऐटीत बसलो. मुलं बसमध्ये चढताना म्हणायची, "काका, पट्टा भारीय!" मी फुगून जायचो. पुढे फुगायची पाळी दुसऱ्याचीच आली.

सकाळी मुलांना सोडलं की दुपारपर्यंत बस शाळेमागे उभी. तेवढ्या वेळात ड्रायव्हर सीटवर बसून पाकिटं फोडायचा. चिप्स, क्रीमची बिस्किटं, वर गोड शीतपेय. घरचा डबा तसाच परत जायचा. मित्रांनो, या पाकिटांची खोड सांगतो. मीठ, साखर, तेल भरपूर, चावायला मात्र काही लागत नाही. पोट 'आता पुरे' म्हणेपर्यंत हात पाकिटाच्या तळाशी पोचलेला असतो. आणि थोड्या वेळानं पुन्हा भूक! मी एकेक भोक पुढे सरकत गेलो.

मग ड्रायव्हरची वार्षिक आरोग्य तपासणी आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजन वाढलंय, रक्तदाब वाढलाय, साखरही काठावर आहे. तीन महिन्यांनी पुन्हा या. तेव्हाही असंच असेल तर बस चालवायचा दाखला मिळणार नाही."

बाहेर येताच ड्रायव्हर बसमध्ये चढला आणि स्टिअरिंग धरून बसला. बस म्हणजे त्याचा जीव होता हो!

त्यानं मनावर घेतलं, पण कसं? नेहमीची पाकिटं सोडून 'डाएट' बिस्किटं आणली, 'भाजलेले' चिप्स आणले, फळांचं चित्र असलेला खोक्यातला रस आणला. आणि पौष्टिक म्हणून दुप्पट खाल्लं! महिन्याभरात मी शेवटच्या भोकावर. "हा पट्टाच आकसलाय," म्हणत त्यानं मला चपला दुरुस्त करणाऱ्या काकांपुढे टाकलं. आकसलाय म्हणे! असा संताप आला मला.

"काका, पुढे एक भोक पाडा."

काकांनी मला उलटसुलट करून पाहिलं. "कुठे पाडू, ड्रायव्हरसाहेब? पट्टा संपला. आता काय हवेत पाडू?"

ड्रायव्हर कसनुसं हसला आणि मला घेऊन घरी आला. मला टेबलावर ठेवून तो बायकोला म्हणाला, "दाखला गेला माझा. एवढं पथ्य करूनही वजन वाढतंय."

"पथ्य? अहो, पाकीट बदललंत, खाणं कुठे बदललंत?"

मुलीनं बिस्किटाच्या पाकिटाची मागची बाजू वाचली. "बाबा, जे जास्त ते यादीत आधी लिहितात. यात पिठानंतर लगेच साखरच आहे!"

त्यानं पाकीट हातात घेऊन स्वतः वाचलं.

दुसऱ्या दिवसापासून डबा उघडला. डाळ, भाजी, कधी उकडलेलं अंडं, एखादं फळ. सावकाश चावून खायचं, मग मैदानाला फेऱ्या मारायच्या. सुरुवातीला फार जड गेलं त्याला. हात आपोआप पाकीट चाचपायचा, चिडचिड व्हायची. मी मात्र धीर सोडला नाही. आणि एका सकाळी मी चक्क एक भोक मागे आलो!

तपासणीला डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब दोनदा मोजला. "छान! वजन अजून उतरायला हवं, पण दाखला देते."

ड्रायव्हरनं मला दोन्ही हातांनी गच्च धरलं. इतका आनंद मला नवा असतानाही झाला नव्हता.

पुढे वजन इतकं उतरलं की माझी सगळी भोकं सैल पडली, तेव्हा पुन्हा काकांकडे गेलो. या वेळी भोक पाडायचं होतं ते बकलाच्या बाजूला. काकांनी हातोडी उचलली आणि हसून म्हणाले, "इथे हवी तेवढी जागा आहे." घाव दुखला, पण मी हूं की चूं केलं नाही.

आता ड्रायव्हरकडे नवा पट्टा आहे. तपासणीच्या दिवशी मात्र तो मलाच बांधतो. माझी जुनी भोकं काही बुजली नाहीत. जाताना तो त्यांच्यावरून एकदा बोट फिरवतो.

मित्रांनो, वाढदिवसाला एखादं पाकीट फोडलंत तर मी रागावणार नाही. रोजच्या भुकेला मात्र खरं जेवण द्या. माझ्यासारखा पट्टा संपला तर दुकानात दुसरा मिळतो. माझा शेजारी एकदाच मिळतो, त्याला जपा.