क्रॅसिट्यूडचं जाड कार्ड

"क्रॅसिट्यूड जाणार म्हणे, आणि त्याच्यापाठोपाठ..." टायपिस्टबाई शिपायाला एवढंच म्हणाल्या आणि शिपायानं खण ढकलून बंद केला. पुढचं ऐकायचं राहिलं. तेव्हापासून जिवाला घोर लागला.

तो क्रॅसिट्यूड म्हणजे मीच. इंग्रजीतला एक म्हातारा शब्द. राहतो एका शब्दकोशाच्या कचेरीत, लाकडी खणातल्या कार्डावर. मागे क्रॅश राहतो, त्याची सदा आदळआपट. पुढे क्रेट, पोटात काय भरलंय ते कधी सांगत नाही. शेजाऱ्यांची खबर ठेवायची मला सवयच आहे.

माझं आजोळ लॅटिन. तिथे क्रॅसस म्हणजे जाड, दाट. कापड जाड, हवा दाट, आणि मग मठ्ठ डोक्यालाही तेच म्हणू लागले. इंग्रजीत आलो तेव्हा आधी नुसती जाडी सांगायचो. हळूहळू माणसांच्या वागण्यातला जाडेभरडेपणा माझ्या माथी आला. समोरच्याला काय वाटेल याची जाणच नसणं, तो मी. पुढे लोकांनी मला वापरणं सोडलं. तसं वागणं काही सोडलं नाही.

इथलं माझं कार्ड काकांनी लिहिलं. काका सगळ्यांत जुने संपादक. कचेरीची रीत अशी, की पुस्तकात शब्द सापडला की ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून त्याच्या कार्डावर डकवायचं. नवी आवृत्ती निघाली की कार्ड चिमटीत धरून बघायचं. जाड लागलं तर शब्द चालता आहे, पातळ लागलं तर चौकशी. माझं चांगलंच जाड.

त्या अफवेनंतर एका सकाळी मुख्य संपादक ताईंनी मला चिमटीत धरलं. ताई काकांची सख्खी भाची.

"मामा, या म्हाताऱ्याला एवढी वाक्यं कुठून मिळाली हो?"

"मिळतात. शोधणारी नजर लागते."

ती हसत चिठ्ठ्या उलटू लागली आणि हसायची थांबली. पाचही चिठ्ठ्यांवर एकच वाक्य. तेच पुस्तक, तेच पान. पहिल्या चिठ्ठीवर अक्षर मोत्यासारखं, पाचवीवर ओळ घसरत कडेला गेलेली. शेवटच्या तीन तर याच महिन्यातल्या.

मला ठाऊक होतं. दर वेळी काका खुशीत यायचे, "सापडलास की रे" म्हणायचे आणि डकवायचे. माझं अंग भरत होतं. मीही गप्प बसलो.

"काय झालं ताई?" टायपिस्टबाईंनी मान उंच केली.

"काही नाही. डिंक जास्त लागलाय."

मग ताई काकांजवळ खुर्ची ओढून हळूच म्हणाली, "मामा, उद्यापासून घरीच बसून माझी प्रुफं वाचाल? इथे गोंगाट फार."

काकांनी डिंकाच्या बाटलीचं झाकण लावलं. "किती वेळा डकवलं गं मी?"

"दोनदा."

"दोनदाच होय," ते म्हणाले, आणि चष्म्याचं घर खिशात घालून उठले.

तर अफवा अर्धीच खरी निघाली. काका गेले, मी राहिलो. मोठ्या कोशाला एक वाक्य पुरतं. 'जुना' असा शेरा मारून तिनं मला ठेवून घेतलं. बाकीच्या चार चिठ्ठ्या ओल्या फडक्यानं सोडवल्या आणि पर्समध्ये टाकल्या.

आता मी पातळ झालोय. खणात वारा आला तरी हलतो. मला कुणी वापरू नका, माझी तक्रार नाही. फक्त कुणी थकलेलं माणूस आपली चूक विचारायला आलं, तर पाचाचे दोन म्हणता येतात का, ते बघा.