फाटकाचा भित्रा दांडा

मी एक जुना दांडा आहे, रेल्वेच्या फाटकाचा. अंगावर लाल-पांढरे पट्टे, टोकाला घंटा आणि काळीज मात्र उंदराचं.

मित्रांनो, मोठ्या लाइनीपासून फुटून दगडांच्या खाणीपर्यंत एक फाटा जायचा. त्यासाठी सुताराने मला तासलं. आधी नुसते दगडांचे डबे यायचे, मग माणसांचाही एक डबा जोडला. गाडी इतकी हळू, की लोक म्हणायचे, “उतरून चहा पिऊन ये, पुढच्या वळणावर गाठशील!” मी कधी हसलो नाही. गाडी हळू असली तरी ती लोखंडाची आणि माणूस हाडामांसाचा.

गाडी यायच्या आधी फाटकवाल्या काकांच्या खोलीत मांडणीवरच्या ताटल्या खुळखुळायच्या. काकू हाक मारायच्या, “अहो, ताटल्या बोलल्या, सोडा दांडा!” काका चाक फिरवायचे. मी घंटा वाजवत खाली यायचो आणि गाडी जाईपर्यंत जीव मुठीत धरून राहायचो. ड्रायव्हर मला सलाम ठोकायचा, तेवढंच काय ते कौतुक.

मग खाणीपर्यंत मोठा डांबरी रस्ता झाला, ट्रक आले, पुढे खाणही बंद पडली. गाडी थांबली. काका गेले. मला तारेने वर बांधून टाकलं, तिथेच वाळवी लागली. काकू त्याच खोलीत इस्त्रीचं दुकान चालवू लागल्या. रुळांवर लोक कपडे वाळत घालायचे. शेजारच्या शिंप्याची धाकटी पोर, चिमणी, तिथेच खेळायची.

एके दिवशी रेल्वेचा माणूस कर्णा घेऊन आला. खाण पुन्हा सुरू होतेय, रूळ तपासायला उद्या इंजिन येईल, रुळांवर बसू नका.

“येतंय कसलं! रुळांना गंज चढलाय, बघा,” शिंपी म्हणाला. माझी मात्र पाचावर धारण बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लांबून भोंगा वाजला. “गिरणीचा भोंगा आज लवकर झाला,” असं म्हणून शिंप्याने मशीन चालूच ठेवलं. चिमणी रुळांच्या मधोमध खडे मांडत होती. माझ्या पायाखालची जमीन थरथरू लागली. ओरडायला मला तोंड कुठलं?

तेवढ्यात काकूंच्या ताटल्या खुळखुळल्या.

हातातली इस्त्री टाकून काकू धावल्या. “अगं बाई, ताटल्या बोलल्या! गाडी आली! पोरीला उचला!” मशीनच्या खडखडाटात शिंप्याला ऐकू गेलं नाही. थकल्या गुडघ्यांनी पोरीपर्यंत वेळेत पोचता येईना, म्हणून काकूंनी माझी तार सोडली, चाकाला लोंबकळल्या. चाक हलेना.

“पड रे बाबा, पड!” त्या रडकुंडीला आल्या.

खरं सांगतो, मला पडायचीच भीती वाटत होती. वाळवीने पोखरलेला मी, पडलो की मोडणार. पण चिमणीकडे पाहिलं आणि त्याहून मोठी भीती वाटली. मी पडलो. घंटा ठणाणा वाजली. शिंपी दचकून बाहेर आला, त्याला वळणावरचं इंजिन दिसलं आणि त्याने झेप घेऊन पोरीला उचललं. तिच्या खड्यांचं चाकाखाली पीठ झालं.

माझे दोन तुकडे झाले. माझ्या जागी नवा लोखंडी दांडा आला. माझा एक तुकडा काकूंच्या दुकानापुढे दोन दगडांवर ठेवलाय. चिमणी त्यावर बसून अभ्यास करते. तुम्ही कानात गाण्यांची बोंडं खुपसून नव्या दांड्याखालून वाकून पलीकडे जाता, ते मी इथून रोज बघतो. लाकूड असून अंगावर काटा येतो. सगळे तुम्हाला सांगतात, धीट व्हा. व्हा की! पण रुळांपाशी आलात, की थोडे माझ्यासारखे भित्रे व्हा.